आवाजासकट

"आवाज वाढव जरा," सर म्हणाले, आणि पहिल्या बाकावरच्या चष्मिश मुलीने स्पीकर मोठा केला.

मागच्या बाकावर बसलेल्या हॅलोताई चपापल्या. आवाज? कसला आवाज? गृहपाठ होता मोबाइलच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग करायचा. बोट कुठं फिरतं, कुठं अडतं, ते दिसलं की झालं. स्क्रीनला कुठं कान असतात? निदान या घटकेपर्यंत तरी ताईंची तशीच समजूत होती.

"नीट ऐका रे सगळे," सर म्हणाले. "अॅप वापरून बघणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं, ते ताईंकडून शिका. उभं आयुष्य गेलंय त्यांचं माणसांशी बोलण्यात. मीसुद्धा अजून बघितलेलं नाही, तुमच्याबरोबरच बघतोय."

आयुष्य गेलं होतं हे खरंच. एका मोठ्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर ताई बसायच्या. पलीकडून माणूस कितीही तणतणत येवो, यांच्या एका "नमस्कार, बोला"ने तो लोण्यासारखा मऊ व्हायचा. हॅलोताई हे नाव तिथलंच. पुढे 'यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा' म्हणणारं यंत्र आलं आणि ताई घरी आल्या. घरात बसून वेळ जाईना तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, लोकांचं घोडं नेमकं कुठं अडतं हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? डिझाइन शीक." मोबाइलवर बटण कुठं ठेवायचं, माणूस कुठं गोंधळतो, याचंसुद्धा शिक्षण असतं हे ताईंना तेव्हा कळलं. गेल्या की वर्गात, भाचीच्या वयाच्या पोरांबरोबर. सुरुवातीला माउस हातात राहीना, सरळ चौकोन निघेना. पोरं पटापट कामं आटपून चहाला जात आणि ताई आपल्या एकाच चौकोनाशी झटत बसत. पण माणसांशी बोलायची वेळ आली की सगळा वर्ग ताईंकडे वळायचा. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांची मान तिथे ताठ होती.

गृहपाठ साधा होता. दवाखान्याची वेळ घ्यायचं अॅप आखायचं, घरातल्या वयस्कर माणसाच्या हातात द्यायचं, काम सांगायचं आणि मग तोंडाला कुलूप. सुचवायचं नाही, मदत करायची नाही. "चूक माणसाची नसते, स्क्रीनची असते," हे सरांचं पालुपद ताईंना तोंडपाठ होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

घरात वयस्कर माणूस म्हणजे नाना, ताईंचे वडील. जन्मभर ट्रक चालवला, आणि आई गेल्यापासून मुलीकडे राहत होते.

रेकॉर्डिंग सुरू झालं, आणि पहिला आवाज आला तो नानांचाच. "बस म्हणालीस, बसलो. गिअर कुठाय हिचा?"

वर्ग हसला.

"नाना, डॉक्टरांची वेळ घ्या. उद्या सकाळची."

"घेतो की. डॉक्टर काय पळून चाललाय?"

बोट टेकलं की स्क्रीनवर एक पांढरा ठिपका उमटत होता. ठिपका आधी डॉक्टरांच्या फोटोवर टेकला. काही झालं नाही. मग नावावर, मग पुन्हा फोटोवर, थेट डॉक्टरांच्या नाकावर. 'पुढे'चं बटण होतं सगळ्यात खाली, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगाचं. ताईंनी कुठल्याशा उंची अॅपमध्ये तसं बघितलं होतं आणि त्यांना ते फार झोकदार वाटलं होतं.

"दार कुठाय गं याला?" नाना विचारत होते.

"खाली बघा."

"खालीच बघतोय."

"अजून खाली. अहो, ते नाही! किती वेळा तेच तेच दाबताय?" आवाज चढत चालला होता. हा आवाज कंपनीत कुणी कधी ऐकला नव्हता. "नाना, समोर ढळढळीत दिसतंय ना? डोळे आहेत की बटणं?"

वर्गात कुणी हसलं नाही.

ठिपका यायचा थांबला. बराच वेळ स्क्रीन तशीच राहिली आणि स्पीकरमधून फक्त नानांचा श्वास ऐकू येत राहिला. मग कोपऱ्यात ठिपका एकदा हळूच टेकला आणि लगेच उचलला गेला.

"चुकलं बाई माझं," नाना म्हणाले.

"सोडा. द्या इकडं. तुम्हाला नाही जमायचं, मीच करते."

रेकॉर्डिंग तिथे संपलं. ताईंना वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं. पण धरणी अशी मागितल्यावर थोडीच मिळते! सरांनी घसा साफ केला. "होतं असं घरच्या माणसाबरोबर," ते म्हणाले, आणि फळ्याकडे वळून बटणाच्या रंगाबद्दल बोलत राहिले. रागावले असते तर परवडलं असतं. चष्मिश वळून बघत नव्हती, म्हणजे मुद्दाम बघत नव्हती.

वर्ग सुटल्यावर सर जवळ आले. "ताई, बटण बदला आणि पुन्हा एकदा करून घ्या. हवं तर या वेळी दुसरं कुणीतरी बघा."

"नाही, नानाच," ताई म्हणाल्या.

घरी चालत जाताना त्यांना लाज वाटत होती ती वर्गाचीच, असं आधी वाटलं. पोरं काय म्हणतील, सर काय म्हणतील. पण खरं झोंबत होतं ते वेगळंच. ते वाक्य आपण बोललो, हे त्यांना आठवतच नव्हतं. बोलून त्या सरळ स्वयंपाकाला लागल्या होत्या, नानांना वाढलं होतं, आणखी भाजी हवी का म्हणून विचारलंही होतं. त्या वाक्याची एवढी सवय झाली होती जिभेला! रेकॉर्डिंग सुरू नसताना अशी किती गेली असतील, आणि नानांनी ती निमूट गिळली असतील. कंपनीत अनोळखी माणसांवर इतका गोडवा उधळला, आणि बापाच्या वाट्याला काय आलं तर तळाची खरवड.

नाना खिडकीपाशी मटार सोलत बसले होते. ताई चप्पल काढून थेट समोर जाऊन बसल्या.

"नाना, परत एकदा बसाल का माझ्यासाठी? तो मोबाइल घेऊन?"

नानांचे हात थांबले. "मी कशाला गं? शेजारच्या काकांना बोलव. शिकलेला माणूस आहे."

"मला तुम्हीच पाहिजे."

"आधीच माझ्या पायी तुझे मार्क गेले असतील."

"मार्क माझ्या बटणानं गेले, तुमच्यामुळे नाही." मटाराची एक शेंग उचलून ताईंनी उगाच मोडली. "त्या दिवशी मी वाट्टेल ते बोलले तुम्हाला. चुकलं माझं."

"कधी?" नाना म्हणाले. "मी काही ऐकलं नाही बुवा. कान गेलेत माझे."

कान गेले म्हणे! गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की तिच्या इंजिनात तेल कमी आहे हे नाना खिडकीतून सांगायचे. पण लेकीसाठी ते खोटं बोलले, आणि लेकीला ते मुकाट्यानं घ्यावं लागलं. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

बटण बदललं. गडद निळं केलं, अंगठा मावेल एवढं मोठं केलं, त्यावर ठसठशीत 'पुढे' लिहिलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी नाना चष्मा पुसून, बुशशर्ट घालून खुर्चीत ताठ बसले. साहेबापुढे बसावं तसे. ताईंनी रेकॉर्डिंग सुरू केलं, या वेळी जाणूनबुजून आवाजासकट.

"नाना, डॉक्टरांची वेळ घ्यायची. उद्या सकाळची. मी मधे काही बोलणार नाही हं. तसा नियमच आहे."

"बरं," नाना म्हणाले. गिअर नाही, डॉक्टरची थट्टा नाही. नुसतं बरं.

बोट डॉक्टरांच्या नावाशी गेलं आणि वरच्यावर थांबलं.

"हे दाबू का?"

ताईंनी ओठ घट्ट मिटले.

"दाबू ना गं?"

भरलेला ट्रक धुक्यातून घाट उतरवणारा हा माणूस. आयुष्यात त्यानं कुणाला विचारून ब्रेक दाबला नव्हता. गेला खड्ड्यात तो नियम.

"दाबा हो नाना. कुठंही दाबा. काही बिघडत नाही."

त्यांनी दाबलं. बरोबर होतं. पुढची स्क्रीन आली. "आता ही तारीख दाबू?" दाबा, नाना. "सकाळ म्हणालीस ना, मग हे दाबू?" दाबा की. एकही बोट चुकीच्या जागी पडलं नाही. निळं बटण तर त्यांना लांबूनच दिसलं होतं, तरी त्यावर नेलेलं बोट तसंच धरून ते पुन्हा विचारायला थांबले, आणि ताईंनी पुन्हा सांगितलं, दाबा.

वर्गात हे रेकॉर्डिंग लागेल तेव्हा नियम मोडला तरी सर खूश होतील. बटण सापडलं, वाट चुकली नाही, काम फत्ते. हॅलोताईंच्या गोड आवाजाची तारीफही होईल.

स्क्रीनवर हिरवी खूण उमटली आणि खाली मोठ्या अक्षरांत आलं, 'तुमची वेळ ठरली आहे.' नाना तिकडे बघतच नव्हते. बोट तसंच अधांतरी धरून ते ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होते.