मुंग्यांचा डबा

धनाजीरावांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. लढाईचा प्रसंग कधी आला नाही, त्यामुळे आवेश तसाच शिल्लक राहिला आणि वारशानं खाली आला. धनाजीरावांनी तो मकरपुऱ्याच्या कारखान्यात दाबून ठेवला. निवृत्तीनंतर तो तरसालीतल्या परसात, सीताफळाच्या झाडावर निघाला.

सून मैथिलीला सातवा महिना होता. डोहाळे सीताफळाचे, तेही घरच्याच. आणि फळांवर पिठ्या ढेकूण, कापसासारखी पांढरी कीड. धनाजीराव पाण्याच्या फवाऱ्यानं ती धुऊन काढत. मुंग्या पुन्हा आणून बसवत. पिठ्याचा गोड चिकटा मुंग्या खातात आणि मोबदल्यात त्याची राखण करतात, हे त्यांना मोबाइलनं शिकवलं.

त्याच मुंग्यांना त्यांची बायको प्रेमला रोज किडियारू घालायची. बाजरीचं पीठ, गूळ, तूप, सगळं कालवून डब्यात तयार. हे पुण्य शेजारच्या सविताबेनकडून आलेलं.

"मुक्या जिवांचा आशीर्वाद लागतो. घरात बाळ यायचंय."

"अगं, तू शत्रूला रसद पुरवतेयस!"

"मग करा लढाई. माझ्या डब्याला हात लावायचा नाही."

लावला. प्रेमला पूजेला बसल्यावर त्यांनी डब्यात बिनवासाची पांढरी पावडर कालवली. दुकानदार "काका, ध्यान राखजो" म्हणाला होता. पण डबा मुंग्यांचा, खाणार मुंग्या. त्यात ध्यान कसलं राखायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते शत्रूची प्रेतं बघायला गेले. मुंग्यांची रांग पिठापाशी येत होती, थबकत होती आणि वळसा घालून शिस्तीत झाडावर चढत होती. पीठ जसंच्या तसं.

"प्रेमला, मुंग्या पीठ खात नाहीत गं."

"माजल्यात मेल्या." प्रेमला पदराला हात पुसत बाहेर आली. "म्हटलं, एवढं तूप-गूळ वाया कशाला? डब्यात उरलेल्याचे लाडू वळले. देवाला दाखवले."

"खाल्ले कुणी?"

"कोण खाणार? तुमची सीताफळं पिकेपर्यंत पोरीनं गोडासाठी थांबायचं का? दोन खाल्लेन हो, आवडीनं. तुम्हालाही ठेवलाय. प्रसाद आहे, नाही म्हणू नका."

आतून मैथिलीचा आवाज आला. "आई, पाणी देता? जीभ कशीतरीच जड झालीय."

धनाजीराव स्कूटरच्या किल्लीकडे धावले. दवाखान्यात पहिल्यांदा विचारणार, पावडर कुठली होती.

पाकीट प्रेमलाच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी कालच जाळलं होतं.