रोरीचा दगड

स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या माळावरून दगड उचलून नेणाऱ्या पाहुण्यांची मला मनस्वी चीड आहे. जिथे पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईत तासाभरात हजारभर माणसं कापली गेली, तिथे येतात, कुळांच्या थडग्यांपाशी दात काढून फोटो काढतात, आणि जाताना खिशात दगड टाकतात. मग घरी कुणाचा पाय मोडतो, कुणाचं लग्न मोडतं, की दगड पोस्टाने परत! माळाच्या कडेला चहाचं दुकान मी सांभाळते, म्हणून ही पार्सलं माझ्याच गळ्यात.

परवा असंच एक ऑस्ट्रेलियाहून आलं. फोडलं आणि दगड उलटा करून पाहिला. दगडाच्या पोटाला निळा रंग होता. माझ्या भाच्याने, रोरीने, आपल्या पहिल्या होडीला लावून उरलेला रंग त्याला फासला होता.

आमच्या घरात सांगतात, लढाईच्या सकाळी आमच्या माणसांनी एकेक दगड रचून ठेवला. परत येईल त्याने आपला उचलायचा. उरले ते मेलेल्यांचे. तेव्हापासून जिवावरच्या कामाला निघणारा आमचा माणूस त्या थडग्यांमागे आपला दगड ठेवून जातो. रोरी मासेमारीला जाताना ठेवायचा. आला की आधी दगड उचलायचा, मग आईला भेटायचा. गेल्या हिवाळ्यात शेटलंड बेटांच्या उत्तरेला त्याची बोट बुडाली. देह मिळाला नाही. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण इशबेल, रोज जाऊन दगड बघून यायची. ईस्टरनंतर एका सकाळी दगड जागेवर नव्हता.

"एफी! माझा रोरी आला गं!" ती धापा टाकत दुकानात शिरली होती.

त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी येऊन शेकोटीपाशी बसतो, असं ती सांगायची. "नखशिखांत भिजलेला असतो बघ. बोलत मात्र नाही."

"बापावर गेलाय," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार? डोक्यावर परिणाम झालाय हे सख्ख्या बहिणीला तोंडावर कसं सांगायचं?

आता दगड माझ्या हातात होता. जागेवर ठेवला तर पोरगा परत आलाच नव्हता हे तिला कळणार. लपवायचाच, असं ठरवून मी कपाट उघडलं, तर इशबेल दारात उभी! तिने निळा रंग पाहिला.

"कुणी नेला होता?"

"मेला कुणीतरी पाहुणा!"

ती रडली नाही. दगड घेतला, पावावरचं पीठ झटकावं तसा हळूच पुसला. "मला वाटलंच होतं गं," म्हणाली. "जिवंत असता तर इतक्या दिवसांत चहाला एकदा तरी तोंड लावलं असतं. तीन चमचे साखर घालते, तरी कप तसाच."

"इशबेल, अगं..."

"दगड नाही म्हणून त्याला मेलेल्यांत आपली जागा सापडत नाहीये. परत ठेवला की तो जाईल. पण त्याआधी तू एकदा घरी चल. तुझाही लाडका होता ना?"

होताच. कडेवर घेऊन फिरवलाय मी त्याला. गेले.

मला काही दिसलं नाही. शेकोटी होती, रिकामी खुर्ची होती, आणि इशबेल त्या खुर्चीला सांगत होती, "रोरी, मावशी आलीये बघ." वाईट वाटलं फार. तिच्याकडे बघवेना म्हणून मी उगाच खुर्चीची गादी सारखी करायला वाकले. गादी पिळून निघेल इतकी ओली होती. बोट जिभेला लावलं. खारट.

"उजेड आहे तोवर दगड ठेवून येऊ या का?" इशबेलने विचारलं. पण मांडीवरच्या दगडावरची तिची मूठ काही सुटत नव्हती.

"आज राहू दे," मी म्हणाले. "उद्या ठेवू."

आणि रोरीसाठी चहा ओतून त्यात तीन चमचे साखर घातली.