राघोचे तीन ठिपके

टेंभी नाक्याचा त्र्यंबकशेठ शहाडला कल्पिताच्या वर्कशॉपात आला, तो फियाटच्या इंजिनाचं हेड तान्ह्या लेकरासारखं पोटाशी धरून. खंडेनवमी तोंडावर आली होती. त्या दिवशी त्याच्या गॅरेजात अवजारांची पूजा मांडायची, ठाण्या-कल्याणचे झाडून सारे मिस्त्री जमायचे आणि मधोमध झेंडूच्या माळा घालून उभी असायची त्याची जुनी फियाट. यंदा प्लग काढताना पहिल्या सिलिंडरचे आटेच प्लगबरोबर बाहेर आले होते.

“ताई, असल्या जुन्या हेडात बुश मारणारं आता कोणी राहिलं नाय. सगळे बोलले, शहाडला जा. तेवढं करून द्या, मग काय पाहिजे ते मागा.”

कल्पिताने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसा? त्याने पाहिली होती ती दोन वेण्यांतली शाळकरी पोर. तिने मात्र त्याला आवाजावरूनच ओळखलं. ज्या तोंडाने आपल्या बापाला आयुष्यातून उठवलं, ते तोंड विसरायला माणूस देवच असावा लागतो, आणि कल्पिताला देव व्हायची हौस नव्हती.

तिचा बाप राघोही शहाडलाच, पण दुसऱ्या गाळ्यात हेडची कामं करायचा; ती शिकली त्याच्याच हाताखाली. अ‍ॅल्युमिनियम मऊ, प्लग पोलादी. इंजिन गरम असताना थेट पान्याने प्लग आवळला, की आटे गेलेच म्हणून समजा. मग भोक मोठं करून आत नव्या आट्यांची नळी बसवायची, तोच बुश. “पयलं बोटान फिरव, मंगच पाना लाव,” हे राघो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आणि त्र्यंबकशेठच्या गॅरेजात तसं करत नाहीत, हेही सांगायचा. माणूस सरळ होता, पण जिभेला हाड नव्हतं. त्र्यंबकची गिऱ्हाइकं बिचकायला लागली.

मग एका खंडेनवमीला, भर पूजेत, त्र्यंबकने सगळ्या मिस्त्र्यांसमोर राघोला उभं केलं. “या राघोने माझ्या फियाटच्या तीन नंबरच्या सिलिंडरला बुश मारला. घोडबंदर रोडला प्लग बंदुकीच्या गोळीसारखा उडाला. गाडीत पोरंबाळं होती! ते हेड मी भंगारात फेकलं, नवं कोरं बसवलं. आता ज्याला आपली गाडी मारायची असेल त्याने जावं शहाडला.”

लोकांना काय, तेवढंच हवं असतं. महिन्याभरात राघोच्या दारात कामाला म्हणून एक हेड येईना. शेवटी घोडबंदर रोडच्या एका टॉवरला तो वॉचमन म्हणून उभा राहिला. एकदा तिथल्या लग्नाला नवरीची गाडी म्हणून त्र्यंबकची फियाट आली. राघोने गेट उघडलं, रिवाजाप्रमाणे सलाम ठोकला, आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, “बायजा, हेड तेच हाय. आवाज वळखतो मी. माझा बुश अजून धरून हाय.” बायजाला वाटलं, म्हातारा मनाची समजूत घालतोय. कल्पितालाही तसंच वाटलं होतं. तो गेला तेव्हा त्याच्या अंगावर त्या टॉवरचाच निळा शर्ट होता.

या गोष्टीला एक तप लोटलं. आता तेच हेड तिच्या टेबलावर होतं की दुसरं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने रॉकेलचा बोळा घेतला आणि घासायला सुरुवात केली.

हेडला वरून चंदेरी रंग फासलेला होता. तीन नंबरच्या प्लगाशी रंग सुटला आणि तिचा हात थबकला. भोकाच्या काठाला पंचने मारलेले तीन ठिपके होते, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले. राघो आपल्या प्रत्येक बुशाशेजारी ही खूण करायचा. आतला बुश तर जसाच्या तसा, एक आटा हललेला नव्हता.

कल्पिताने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. रडली नाही. रडण्याच्या पुढची गोष्ट होती ती. बाप खरं बोलत होता, आणि हा हलकट इतकी वर्षं त्याच बुशाच्या जिवावर गाडी मिरवत होता! रंग फासला, विसरून गेला. करणारा विसरतोच. भोगणाऱ्याला ती सोय नसते.

पहिला विचार आला तो सरळ होता. ड्रिल जरासं तिरकं धरायचं, बुश अर्धवट पकडीवर बसवायचा. दसऱ्याला गाडी मिरवेल आणि भर टेंभी नाक्यावर प्लग उडेल. तिने ड्रिल उचललंही. मग ते खाली ठेवलं. प्लग उडाला असता तर त्र्यंबकचं खोटं खरं झालं असतं. राघोच्या पोरीनेही बापासारखंच काम केलं म्हणाले असते लोक. नाही, याला असं मारायचं नाही. याला चांगल्या कामानेच मारायचं.

मग तिने असं काम केलं, की राघो असता तर जिभेला लगाम घालून गप्प बघत राहिला असता. हेड दाबून सरळ बांधलं. आटे पाडायच्या टॅपला ग्रीस माखलं, कीस आत पडू नये म्हणून. थोडे आटे कापायचे, टॅप उलटा फिरवून काढायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. बुश बसल्यावर नवा प्लग बोटांनी तळापर्यंत नेऊन पाहिला. तो कुठेही अडला नाही. शेवटी बापाचा पंच काढून शेजारी तीन ठिपके मारले. जुन्या ठिपक्यांच्या खळग्यांत चंदेरी रंग उरला होता. तो तिने मुद्दाम तसाच ठेवला.

मग फोन लावला. “शेठ, हेड मीच आणते खंडेनवमीला. आधी पाटावर मांडा, अवजारांसोबत पूजा करा, दसऱ्याला बसवा. माझी बिदागी म्हणाल तर एवढीच.”

बाई देवभोळी दिसते, असं वाटून त्र्यंबक खूश झाला.

खंडेनवमीला गॅरेज मिस्त्र्यांनी गच्च भरलं होतं. पाने, जॅक, हातोडे धुऊन-पुसून पाटावर मांडलेले. कल्पिताने हेड मधोमध ठेवलं, ठिपके वर येतील असं. उत्तनचा म्हातारा ग्रेगरी मिस्त्री समोरच बसला होता. त्याने चष्मा सावरला.

“अगं, तू राघोची पोर ना? बायजाचं तोंड आहे तुझं.”

हळद-कुंकवाच्या ताटाकडे निघालेला त्र्यंबकचा हात हवेतच राहिला.

“हो अंकल, राघोचीच. ही खूण ओळखता?”

“राघोची खूण कोण नाय ओळखणार?” ग्रेगरीने वाकून एक नंबर पाहिला. “ही तू मारलीस, ताजी आहे. आणि ही...” त्याने तीन नंबरच्या ठिपक्यात नख घातलं. नखावर चंदेरी खपली आली. “ही जुनी. वरून रंग मारलाय हिच्यावर.”

मागचे मिस्त्री पुढे सरकून हेडवर वाकले.

“शेठ,” कल्पिता म्हणाली, “तीन नंबरचा बुश उडाला, हेड भंगारात गेलं, असं याच जागी बोललेलात. त्या दिवसानंतर माझ्या बापाने तुमच्या गाडीला हात लावलेला?”

“अगं पोरी, जुन्या गोष्टी... सणासुदीचं कशाला...”

“हो की नाही?”

त्र्यंबकने आजूबाजूला पाहिलं. सगळे हेडकडे बघत होते. “नाय,” तो म्हणाला.

“मग हे हेड कुठलं?”

“तेच आहे,” तो पुटपुटला.

“मोठ्याने, शेठ. तेव्हा मोठ्याने बोललेलात.”

“तेच आहे! कधीच उडालेला नाय बुश!”

ग्रेगरीने चष्मा काढला आणि तोंडावर हात ठेवला. त्याच्यासकट सगळ्यांनीच राघोचं दार सोडलं होतं. कोणी तरी “पोरी, आम्हाला काय माहीत...” असं सुरू केलं. कल्पिताने तिकडे वळूनही पाहिलं नाही. तिने ताट उचलून त्र्यंबकसमोर धरलं.

“लावा कुंकू. माझ्या बापाच्या तिन्ही ठिपक्यांना, एकेक करून.”

त्याने वाकून लावलं. कुंकू पाटावर सांडलं. हात पुसायला त्याने फडकं ओढलं, तेव्हा कल्पिता चप्पल घालत होती.

“हेड बदलू नका, शेठ. अजून वीस वर्षं चालेल,” ती म्हणाली. “आणि दर खंडेनवमीला मी येणार आहे, कुंकू लागलंय की नाही बघायला.”