फुकटचं कपाट

कुठलीही वस्तू घेण्याआधी ती वाकवलेल्या बोटाने वाजवून बघायची त्याला खोड होती, म्हणून सासरच्यांनी त्याचं नाव टकटकराव पाडलं होतं. ही चेष्टा आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. कलिंगड असो, नाहीतर मेहुण्याने हौसेने घेतलेलं टेबल, टकटकराव वाजवणार, मान हलवणार आणि मेहुण्याला दुकानदाराने कसं गंडवलं ते चारचौघांत सांगणार.

घर घेतानाही त्याने दारं वाजवली, फरशा वाजवल्या, जिन्याचा कठडासुद्धा सोडला नाही. राहिली फक्त झोपायच्या खोलीतली एक भिंत, कारण तिच्यापुढे छतापर्यंत पोचलेलं सागवानी कपाट होतं. घर विकणारे आजोबा बोलायला मोठे गोड. "कपाट राहू द्या तुम्हालाच, आमची आठवण," म्हणाले. जरा हलवून बघू या का, असं बायकोने हळूच सुचवलं, तर टकटकरावाने आजोबांसमोरच तिला गप्प केलं.

"मला माणसं ओळखता येतात," तो म्हणाला.

आजोबांनी मान डोलावली. माणसं त्यांनाही ओळखता येत होती.

राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत कपाटातल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला, म्हणून ते ओढून बघितलं. मागे न्हाणीघराचा पाइप भिंतीतल्या भिंतीत गळत होता. आजोबांनी त्यावर वर्तमानपत्रं चिकटवली होती, वर गिलावा फासला होता आणि त्यावर उरलासुरला रंग मारला होता. भिंतीला ओल नव्हती, ओलीला थोडीशी भिंत होती.

मेहुण्याला कळता कामा नये, ही टकटकरावाची पहिली काळजी. पाइप बदलायचा तर भिंत फोडावी लागणार, फोडली की बोभाटा होणार. म्हणून त्याने गुपचूप एक रंगारी आणला. रंगाऱ्याने ऑइलपेंटचे दोन हात मारले, भिंतीला फोड आले. मग एका गवंड्याने सिमेंटचा थर थापला, तो आठवड्याभरात गादीवर येऊन पडला. त्या ओलीत झोपून बायकोला खोकला जडला. प्लंबरला बोलवा, हे सांगून सांगून ती थकली. शेवटी कपाट पुन्हा जागेवर गेलं आणि टकटकरावाने घरच विकायला काढलं.

घर बघायला एक तरुण जोडपं आलं. नवरा एकेक भिंत वाजवत होता. कपाटापाशी आल्यावर त्या मुलीने विचारलं, मागची भिंत बघता येईल का? टकटकरावाच्या तोंडून आपसूक निघालं, "कपाट राहू द्या तुम्हालाच. आमची आठवण."

तरुणाचा चेहरा खुलला. एवढी चांगली माणसं आहेत, कशाला उगाच हलवायचं, असं तो बायकोला म्हणाला. ती ओशाळून मागे सरली.

टकटकरावाची बायको दारात तोंडाला रुमाल लावून उभी होती. खोकल्याची उबळ ओसरल्यावर ती त्या मुलीला म्हणाली, "मीही हेच विचारलं होतं. तू हलवूनच बघ. एकट्याने सरकत नाही ते, हे हात लावतील."

टकटकरावाने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही. मग त्याने निमूटपणे एक बाजू धरली.

कपाट सरकलं. तरुणाने सवयीने बोट वाकवलं आणि भिंतीवर मारलं. आवाज आलाच नाही. बोट आत गेलं.