मिटलेला डोळा

"कानापासून खाली तीन पावलं, विनी. तिथं गुडघे टेक, नि माती हळू उकर. डोळा आहे तो, बटाटा नव्हे."

आईचा स्वर विझला, शब्द राहिले. आणि त्या शब्दांवर वसंतातली पहाट उतरली: दवार्द्र, धूसरनील, कोकराच्या लोकरीसारखी मऊ.

थिसलकोम. दक्षिण इंग्लंडमधलं एवढंसं गाव. तेवीस उंबरे, एक चर्च, एक ओढा. आणि वर, टेकडीच्या तृणश्यामल उतारावर धावणारी एक शुभ्र हरिणी. गवत सोलून, खालची चुनखडी उघडी करून ती कुणी कोरली, कधी कोरली, कुणाला ठाऊक! राजे आले, राजे गेले. महामारी आली, अर्धं गाव मातीत निजवून गेली. लोकरीचे सुवर्णदिन आले नि ओसरले. हरिणी धावत राहिली.

धावत राहिली, कारण दर सातव्या वसंतात सारं गाव खुरपी घेऊन चढे, तिच्या अंगावर आलेलं हिरवेपण खुडे, पांढरा चुरा ठोकून बसवी. त्याला व्रत कुणी म्हटलं नाही. पण व्रतच की ते.

मग युद्ध आलं. आकाशातल्या वैऱ्याला ही शुभ्रा वाट दाखवील, म्हणून गावानेच तिला गवताच्या ढेपांखाली झाकलं. शेवटची ढेप डोळ्यावर ठेवली लढाईवर निघालेल्या एकोणीस वर्षांच्या ॲम्ब्रोजने. जवळ फक्त त्याची धाकटी बहीण, डॉर्कस.

"हा मी येऊन उघडीन. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस."

"नाही देणार."

शांती आली. ॲम्ब्रोज आला नाही.

गावाने हरिणी उघडली. खूर उघडले, पाठ उघडली, कान उघडले, डोळा सापडेना. "मला नाही आठवत," डॉर्कस म्हणाली. आयुष्यातलं एकच असत्य, आणि तेही तिने नेमासारखं पाळलं. नवा कोरावा, तर कुणी म्हणे ती चर्चकडे बघायची, कुणी म्हणे ओढ्याकडे. भांडता भांडता राहूनच गेलं. पलीकडच्या गावचे हसत, "काय हो, तुमच्या आंधळीला आज कुणी हात धरून फिरवलं का?" डॉर्कस मान खाली घालून विणत राही. साठ वर्षं विणत राहिली.

गेल्या हिवाळ्यात, अखेरच्या अंथरुणावर, तिने लेकीचा, विनीचा हात धरला.

"तो येणार नाही, हे तारेनं तेव्हाच कळवलं होतं गं. पण डोळा उघडला असता, तर ते मीच म्हटल्यासारखं झालं असतं. आता मीच निघाले त्याच्याकडे. तू उघडशील?"

"उघडीन, आई."

हिम वितळलं. चर्चमागच्या नव्या मातीवर कोवळं गवत आलं. गवत कुणासाठी थांबत नाही.

आज विनीने आईचं खुरपं धुतलं, बादलीत पांढरा चुरा भरला, डोक्याला रुमाल बांधला. दार हलकेच ओढून घेतलं. गाव निजलेलं, ओढा तेवढा जागा.

आणि वर, धुक्याच्या विरत्या पदराआड, मिटल्या डोळ्याची हरिणी.

पाऊल, पाऊल, दव. पाऊल, पाऊल, दव.