प्रिन्सआजोबांचा कोट

व्हर्लीन गॅथराइटने फिल्मवरचे जुने कागद दाखवणाऱ्या यंत्राची मूठ फिरवायची थांबवली, चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने तो पुसला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. कागद तसाच होता. नाव प्रिन्स गॅथराइट. राहणार सायप्रस क्रीक. बायको हॅना. डाव्या हाताची तर्जनी तुटलेली. खाली सहीच्या जागी फुली.

ज्या पणजोबांच्या मागे ती इतकी वर्षं धावत होती, ते सापडले होते. पण सापडले ते नको त्या कपाटात.

जॅक्सनच्या सरकारी दफ्तरखान्यात तिची ये-जा जुनी. पोस्टातून रजा मिळाली की बाई गाडी काढून इथे हजर. मात्र एका कपाटाला ती नेहमी वळसा घालून जायची. त्यात करड्या कोटवाल्यांच्या पेन्शनचे अर्ज होते. यादवी युद्धात गुलामी टिकावी म्हणून दक्षिणेकडून लढलेल्या गोऱ्यांना म्हातारपणी राज्याने दिलेली पेन्शन. त्यात आपलं काय ठेवलंय? तिच्या ओळखीतलं एकही काळं माणूस त्या कपाटाला हात लावत नसे. शिवाय घरात सगळ्यांना पाठ होतं, की प्रिन्सआजोबा मालकाला चकवून टेनेसीत पळाले आणि उत्तरेच्या फौजेचा निळा कोट घालून गुलामी मोडायला लढले. म्हणून व्हर्लीनने टेनेसी पालथं घातलं, निळ्या पलटणींच्या याद्या चाळल्या. हाती शून्य.

त्या दिवशी दफ्तरखान्यातल्या मिस हॅलमनी सहज विचारलं, "तुमचे पणजोबा वारले कुठे?"

"इथेच की. मिसिसिपीत."

"मग इथलं पेन्शनचं कपाट बघितलंत?"

"ते आमचं नाही," व्हर्लीन म्हणाली. जरा तोडूनच म्हणाली.

"अहो, माणूस लढला कुठे का असेना, म्हातारपणी जिथे राहतो ते राज्य पेन्शन द्यायचं. आणि मालकाबरोबर लढाईवर नेलेल्या गुलामांनाही द्यायचे. बघून तर घ्या."

हिचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून व्हर्लीनने त्या कपाटातलं रीळ लावलं होतं. आणि आता तिचंच बंद झालं होतं.

अर्जात विचारलं होतं, कोणाची चाकरी केलीत? लिअँडर बरवेल. काम काय होतं? भाकऱ्या भाजणं. शेवटपर्यंत बरोबर होतात का? होय. पळून गेला होतात का? नाही. त्याखाली दोन गोऱ्या साक्षीदारांनी लिहिलं होतं, 'शेवटपर्यंत इमानी.' व्हर्लीनने ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. संताप यावा तर तो कुणाचा, हेच तिला कळेना. बरवेलचा? साक्षीदारांचा? की त्या फुलीचा?

घाईचं कारण वेगळंच होतं. माउंट निबो चर्चच्या कब्रस्तानात दगडावर 'अमक्याचा मुलगा', 'तमकीची मुलगी' लिहायची रीत आहे. तिथे कुणाचाही दगड बिनआईबापाचा नाही. फक्त प्रिन्सआजोबांच्या डोक्याशी दगडच नव्हता, नुसतं एक देवदाराचं झाड. यंदा येत्या रविवारी घराण्याचा मेळावा भरायचा होता आणि त्याच दिवशी दगड बसायचा होता. नाव आणि सालं कोरून झाली होती. खालची ओळ राहिली होती. व्हर्लीनला तिथे त्यांच्या आईचं नाव हवं होतं. तेवढ्यासाठीच तर ही सगळी पायपीट. पण गुलामी संपायच्या आधीच्या कागदांत आपली माणसं नावाने सापडत नाहीत, मालकाच्या नावाखाली नुसती वयं सापडतात, आणि हिच्याकडे मालकाचंही नाव नव्हतं. शेवटी भाऊ लमारने जाहीर केलं, की ओळ रिकामी ठेवण्यापेक्षा 'निळ्या कोटातला शिपाई' असं कोरावं. दगड घडवणाऱ्या ओडमसाहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती.

लमार अंगणात डुकराचं मांस भाजायची मोठी चूल घासत होता. शेजारी खोकी उघडी पडली होती. मेळाव्यासाठी त्याने निळे शर्ट छापून आणले होते. छातीवर बंदूकवाला शिपाई आणि खाली 'प्रिन्सची लेकरं'. व्हर्लीनने कागदाची नक्कल पुढे केली.

त्याने वाचली. काजळीने माखलेल्या हाताचा ठसा कोपऱ्यावर उठला.

"हे कुठून उचलून आणलंस?"

"दफ्तरखान्यातून."

"मग नेऊन ठेव परत."

"लमार..."

"शेवटपर्यंत इमानी म्हणे! कुत्र्याबद्दल बोलतात असं. दुसरा कुणी प्रिन्स असेल."

"सायप्रस क्रीकवरचा? हॅनाचा नवरा? तुटक्या बोटाचा?"

लमार चूल घासायला लागला. घासलेलाच भाग पुन्हा घासत होता.

"ऐक, व्हर्ली. गावात अजूनही करड्या फौजेचा झेंडा मिरवणाऱ्यांच्या हाती हा कागद पडला, तर आजोबांच्या उशाशी त्या फौजेचा लोखंडी क्रॉस ठोकतील आणि वर भाषण ठोकतील, की बघा, गुलाम किती सुखात होते. तुला हवंय ते?"

"मला त्यांची आई हवीये. या कागदात मालकाचं नाव आहे. त्या नावावरून ती सापडेल कदाचित."

"आणि हे शर्ट काय मी कुत्र्याला घालू?"

व्हर्लीनने नक्कल घडी करून पिशवीत घातली. खरं सांगायचं तर निळा कोट तिलाही हवा होता. लहानपणी शाळेत गोऱ्या पोरांनी चिडवलं की ती मनात म्हणायची, माझ्या पणजोबांनी तुमच्या पणजोबाला पळवलंय. दर मे महिन्यात, सैनिकांच्या स्मृतिदिनी, ती त्या देवदाराखाली देशाचा छोटा झेंडा खोचत आली होती. मग इतकी वर्षं ती कुणाला मान देत होती? लढाईत भाकऱ्या भाजणाऱ्या बरवेलच्या गड्याला? असं मनात आलं की तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाज ओसरली की पुन्हा राग यायचा.

दुसऱ्या दिवशी ती बरवेलांच्या तालुक्याला जाऊन आली. तिथलं कोर्ट फार पूर्वी जळलेलं, त्यात बरवेलांची सगळी कागदपत्रं गेलेली. मालक मिळाला, आई नाही. घोडं होतं तिथेच अडलं, वर आता निळा कोटही हातचा गेला.

गुरुवारी ती ओझेला आत्याकडे गेली. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची बहीण, प्रिन्सआजोबांची सख्खी नात. त्यांना पाहिलेलं एवढं एकच माणूस आता उरलं होतं. अठ्ठ्याऐंशीची म्हातारी, कानाने तिखट, जिभेने त्याहून. पडवीत बसून जांभळ्या सालीच्या चवळीच्या शेंगा सोलत होती. हा कागद तिच्या नजरेस पडू द्यायचा नाही असं व्हर्लीनने ठरवलं होतं. या वयात कशाला धक्का? पण तिचा चेहरा बघून आत्यानेच हात पुढे केला.

"आण इकडे. मेल्याची बातमी आणल्यासारखी उभी काय राहतेस?"

आत्याने कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. धक्का वगैरे काही बसला नाही.

"हे कोर्टातल्या त्या कारकुनाचं अक्षर. फार घाम यायचा मेल्याला."

व्हर्लीन पायरीवर बसली. "तुला माहीत होतं?"

"मीच तर हाताला धरून आजोबांना तिथे नेत होते. त्यांना दिसत नव्हतं फारसं."

"मग निळा कोट?"

आत्याने एक शेंग उचलली, सोलली नाही. "दरवर्षी कोर्टाच्या आवारात म्हाताऱ्या करड्या कोटवाल्यांचा मेळा भरायचा. आजोबांना बोलावणं असायचं. छातीला फीत लावायचे. गोरे त्यांच्या पाठीवर थाप मारायचे आणि जेवण मागच्या दाराशी वाढायचे. घरी येताना ओढ्याच्या पुलावर आजोबा थांबायचे, फीत काढून खिशात घालायचे. पूल उतरला की पोरं धावत यायची, आणि मग ते निळ्या कोटाची गोष्ट सांगायचे. पुलाच्या अलीकडे एक प्रिन्स, पलीकडे दुसरा. मी मधे उभी. माझं डोकं भणाणून जायचं."

"मग यातलं खरं काय?"

"तेच मी विचारलं एकदा. पुलावरच." आत्या अंगणाकडे बघत राहिली. "म्हणाले, नदीपलीकडे निळ्यांच्या शेकोट्या दिसायच्या. पोहून गेलो असतो. बरोबरचे दोघं गेलेही. मी नाही गेलो. घरून निघताना लिअँडरच्या बापाने, म्हाताऱ्या बरवेलने, माझ्या आईला पायरीवर उभं केलं होतं. मला म्हणाला, लिअँडर परत आला आणि तू नाही आलास, तर हिला विकून टाकीन."

ओसाड रस्त्यावरून एक ट्रक गेला. व्हर्लीनला तो दिसला, ऐकू आला नाही.

"म्हणजे शेवटपर्यंत इमानी..."

"खोटं काय आहे त्यात? कुणाशी, ते कुणी विचारलं नाही."

"मग हे सांगायला काय झालं होतं त्यांना? यात लाजण्यासारखं काय आहे?"

आत्याने हातातली शेंग न सोलताच टोपलीत टाकली. मग म्हणाली, "परत आले तेव्हा आई नव्हती, पोरी. दुसऱ्याच हिवाळ्यात तिला टेक्सासच्या कुणाला तरी विकलं होतं. हे तिकडे लिअँडरसाठी भाकऱ्या भाजत होते आणि मनात म्हणत होते, आई आहे घरी. नव्हतीच ती. तिच्यासाठी थांबले आणि ती नव्हतीच. आता हे पोरांना कसं सांगतात, तूच सांग. पोरं विचारायची, आजोबा, तुम्ही पळाला नाहीत? त्या तोंडांकडे बघून त्यांनी निळा कोट घातला."

व्हर्लीन रडत होती. आपण नेमकं कशासाठी रडतोय हे तिला सांगता आलं नसतं. आता ही तिसरी गोष्ट. एक कोर्टाला सांगितलेली, एक पोरांना, एक पुलावर. कुठली धरायची?

"आणि हीसुद्धा त्यांनी रचलेली नसेल कशावरून?" तिने विचारलं, आणि विचारल्याचं तिचं तिलाच वाईट वाटलं.

"ते मी काय सांगू? मी काही लढाईवर नव्हते," आत्या म्हणाली. "पण गेले तेव्हा मी उशाशी होते. कोट नाही आठवला त्यांना, ना करडा ना निळा. सारखं एकच. डायसी आहे का घरी? डायसी आहे का?"

"डायसी कोण?"

"कोण म्हणजे? त्यांची आई."

व्हर्लीन उठून उभी राहिली. तिचा धक्का लागून टोपलीतल्या शेंगा पायरीभर सांडल्या. "आत्या, मी तुला विचारलं होतं. याच पडवीत. त्यांच्या आईचं नाव काय, म्हणून. तू म्हणालीस, ते कधी बोलले नाहीत."

"जिभेवर आलं होतं." म्हातारी सांडलेल्या शेंगांकडे बघत म्हणाली. "पण नाव सांगितलं असतं तर तू पुढचं विचारलं असतंस. तू काय सोडणारी आहेस? आणि पुलावर त्यांनी मला शपथ घातली होती. चौदा वर्षांची होते गं मी. एवढ्या सगळ्यांतून त्यांनी ते माझ्याकडे ठेवायला दिलं होतं."

व्हर्लीन खाली बसून शेंगा गोळा करू लागली. मग दोघींनी मिळून त्या सोलल्या.

शुक्रवारी सकाळी तिने ओडमसाहेबांना फोन लावला.

"हां, मिस व्हर्लीन. शिपाई निळा ना?" ओडमसाहेब घाईत होते.

"शिपाई नको. डायसीचा मुलगा, एवढंच लिहा."

"आणि फौज?"

"कुठलीच नाही."

मग तिने लमारला फोन केला आणि पुलापासून टेक्सासपर्यंत सगळं सांगितलं. "हं," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. रविवारी हा येतो की नाही, याचाच घोर तिला लागला.

रविवारी प्रार्थना संपून सगळं घराणं कब्रस्तानात जमलं. शिकागोची, मेम्फिसची, लहानथोर, निम्म्यांच्या अंगात निळे शर्ट. देवदाराखाली नवा दगड चादर पांघरून उभा होता. लमार सगळ्यांत शेवटी आला. त्याने शर्ट उलटा घातला होता. शिपाई आत छातीशी, बाहेर नुसते शिवणीचे दोरे, आणि मानेशी कंपनीची चिठ्ठी फडफडत होती.

"काका, शर्ट उलटा झालाय तुमचा," शिकागोची एक पुतणी हसत म्हणाली.

"माहीत आहे मला," लमार म्हणाला. "ऐका सगळे. आपल्या घरात एक गोष्ट चुकीची सांगितली गेली. मीच सगळ्यांत मोठ्याने सांगितली. आता आत्या सांगेल." एवढं बोलून तो बाजूला झाला.

आत्याने सांगितली. फीत, पूल, शेकोट्या, टेक्सास. मागे एकाने हळूच शर्ट काढून उलटा केला, मग दुसऱ्याने. व्हर्लीनने दरवर्षीसारखा झेंडा आणला होता. तो खोचावा की नाही हे तिला अजूनही ठरवता येईना. तो हातातच धरून ती उभी राहिली.

चादर निघाली. आत्याने व्हर्लीनच्या खांद्याचा आधार घेतला, दगडाजवळ जाऊन खालच्या ओळीतल्या डायसीच्या नावावरून बोट फिरवलं.

"आजोबा, सांगून टाकलं बघा मी," ती म्हणाली. "रागावला असाल तर माझे आता थोडेच दिवस राहिलेत, मी आल्यावर बोला. पण ती आहे आता घरी."