उजव्या दाराचा स्पीकर

बाळांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही एका व्हॅनच्या मधल्या बाकावर बसला आहात. व्हॅन उभी आहे, पुढची दोन्ही दारं सताड उघडी आहेत आणि त्यांची आतली झाकणं काढून ठेवली आहेत. दाराच्या पोटात काय काय असतं ते दिसतंय: काच वरखाली करणारी दांडी, तारांचे झुबके आणि एक मोठं गोल भोक. त्या भोकात स्पीकर बसायचा आहे. आता तुमच्या शेजारी एक मुलगी बसवा. गाल फुगलेले, हात छातीशी घट्ट. ही मुंगी.

मुंगी हे तिचं लाडाचं नाव. कुठलंही यंत्र उघडलं की ही आत शिरलीच म्हणून समजा. तिच्या आईचं पंखे, मिक्सर, रेडिओ दुरुस्त करायचं दुकान होतं. गाडीत स्टिरिओ बसवायचं काम मात्र पहिल्यांदाच आलं होतं, तेही घरचंच, मामा चालवायचा त्या शाळेच्या व्हॅनचं. हे काम आई आणि आपण मिळून करणार, असं मुंगीने मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

पण सुट्टीला मावसबहीण आली होती. मुंगीहून एका वर्षाने मोठी, आणि सारखी काही ना काही विचारणारी. मामा तिला मास्तरीण म्हणायचा.

आईने दुकानासमोरच्या टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर ठेवला. शेजारी स्पीकरच्या दोन जोड्या. एक चकचकीत, तिच्या खोक्यावर केवढा तरी मोठा ‘३०० वॅट’. दुसरी काळी, साधी.

“कोणती लावायची?” आईने विचारलं.

“विचारायचं काय त्यात? चकचकीत!” मामा म्हणाला.

मास्तरीण खोकं फिरवून बारीक अक्षरं वाचत होती. “मावशी, अ‍ॅम्प्लिफायरवर लिहिलंय, चार ओहमच्या खाली जाऊ नका. हे तर दोनचे आहेत. आणि तीनशेच्या खाली एवढंसं चाळीस कशाला लिहिलंय?”

“शाब्बास गं!” आई खूश झाली. “ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते. अडवणारा कमी पडला की अ‍ॅम्प्लिफायर नको तेवढी वीज देत बसतो, तापतो आणि बंद पडतो. आणि तीनशे म्हणजे जीव खाऊन मारलेली एक उडी. चाळीस म्हणजे रोजचं चालणं. आपण चालणं बघायचं.”

“मग हे काळे. चार ओहम आणि पन्नासचं चालणं. अ‍ॅम्प्लिफायर पंचेचाळीस देतो.”

“जमला जोडा!”

हे सगळं मुंगीलाही माहीत होतं. पण आईने आपल्याकडे बघून विचारावं म्हणून ती थांबली होती, आणि आई मास्तरणीकडेच बघत राहिली.

वर आईने लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर मास्तरणीला दिला. “डावं दार तुझं. मुंगे, उजवं तू कर.”

“आणि मला कुठला?”

“तो हिरवा आहे ना तुझा.”

हिरव्याची मूठ तडकलेली होती. कालपर्यंत तीच मूठ मुंगीला कधी टोचली नव्हती. आज टोचायला लागली.

आता मुंगीकडे एक गुपित होतं. मोडीतल्या स्पीकरांशी खेळताना तिने ते एकटीने शोधलं होतं. स्पीकरला दोन टोकं असतात, अधिक आणि उणे. त्यांना सेल टेकवला की स्पीकरचा पडदा टुणकन बाहेर येतो. सेल उलटा टेकवला की तोच पडदा आत जातो. आणि दोन स्पीकर एकत्र वाजताना एकाच्याच तारा उलट्या असल्या, तर एक हवा बाहेर ढकलतो तेव्हाच दुसरा आत ओढतो. मग ढोलाचा घुमणारा आवाज कुठल्या कुठे जातो.

मुंगीने मान वळवून पाहिलं. डाव्या दाराशी आई मास्तरणीच्या खांद्यावरून वाकून दाखवत होती. मुंगीने उजव्या स्पीकरच्या अधिकची तार उण्याला लावली आणि उण्याची अधिकला. काही जळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त मास्तरणीची जोडी नापास होणार होती.

गाणं लावलं. आवाज आला, पण पोकळ.

“ताई, डब्यात खडे हलवल्यासारखं वाटतंय गं,” मामा म्हणाला. “मुलं मला हसतील. तरी मी म्हणत होतो!”

आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. “जोडा जमला असं वाटलं होतं. चुकलंच म्हणायचं काहीतरी. दोन ओहमला चालणारा मोठा अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर आहे. तो काढू आणि चकचकीतच लावू. चल, शिडी धर.”

आई आणि मामा दुकानात गेले. मास्तरीण रडली नाही. ती काळ्यांचं खोकं पुन्हा पुन्हा वाचत होती. “चारच तर लिहिलंय,” ती स्वतःशीच पुटपुटली.

मुंगीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

मास्तरणीने बॅलन्सचं, म्हणजे आवाज डाव्या नाहीतर उजव्या स्पीकरकडे वळवायचं, बटण पार डावीकडे फिरवलं. आवाज भरदार आला. पार उजवीकडे फिरवलं. तोही भरदार. मध्ये आणलं, पुन्हा डब्यातले खडे.

“एकेकटे छान बोलतात, आणि एकत्र आले की असं का करतात? मुंगे, तुला कळतंय का गं? यंत्रातलं तुलाच जास्त कळतं, मावशी आमच्या घरी फोनवर नेहमी सांगते.”

आतून शिडी सरकवल्याचा आवाज आला.

मुंगीने गाणं बंद केलं, उजव्या स्पीकरच्या दोन्ही तारा काढल्या आणि टॉर्चमधला एक सेल मास्तरणीच्या हातात दिला. दोन मोकळ्या तारा सेलला लावून कुठे टेकवायच्या तेही दाखवलं. “टेकव. पडद्याकडे बघ.”

पडदा टुणकन बाहेर आला.

“हे टोक अधिक. अधिकची तार इथे हवी होती. ती मी उण्याला लावली.”

मास्तरणीचे डोळे मोठे झाले. “चुकून?”

हो म्हटलं असतं तर मामला तिथेच मिटला असता. मुंगीने मान हलवली. नाही.

मास्तरणीने सेल खाली ठेवला आणि ती मुंगीकडे नुसती बघत राहिली.

“तो लाल दे इकडे,” मुंगी म्हणाली. “उजवं दार माझं आहे.”

स्क्रूड्रायव्हर हातात आला, पण ती दाराकडे वळली नाही. आत जाऊन शिडीच्या पायथ्याशी उभी राहिली आणि मान वर करून ओरडली, “आई, खाली उतर! मास्तरणीची जोडी बरोबर आहे. बिघडवलं मी!”